बारामती ते पुणे, हवेतून

बारामतीच्या धावपट्टीवर शिकाऊ वैमानिकांची विमानं घिरट्या घालतात. तिथून लोहगाव सरळ रेषेत साधारण ८० किलोमीटर. ताशी २०० च्या वेगानं पंचवीसेक मिनिटं. मी कोड लिहून काढलं, पण कोडला फक्त दोन बिंदू कळतात.

आता १५ ऑक्टोबर १९३२ घ्या. जे. आर. डी. टाटा टपाल घेऊन कराचीहून निघाले, अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. अंतर हजारेक किलोमीटर. त्यांचं पस मॉथ ताशी १६० च्या आसपास उडायचं, म्हणजे साडेसहा तासांच्या आत पोचायला हवं. लागले सात तासांच्या वर! मधला वेळ अहमदाबादचा. तिथं पेट्रोलचे डबे चक्क बैलगाडीतून आले. विमान नवं, पण इंधन जुन्याच चालीनं.

आमच्या इंदापूरकरांचंही तेच. समजा उद्या बारामती-पुणे विमान सुरू झालं, तरी आधी पन्नासेक किलोमीटर रस्त्यानं बारामती गाठा, वेळेआधी थांबा, मग लोहगावहून रिक्षा शोधा. त्यापेक्षा भिगवणवरून सोलापूर हायवेनं जाणारी एसटी बरी, असं माझे आजोबा म्हणतील. आणि हिशेब त्यांच्याच बाजूनं लागतो.