वाजून वाजून मुरलेल्या तारा

बिडाचा नवा तवा घरी आणला की पहिली घावनं चिकटतातच. तेल पाजत, रोज वापरत राहिलं की तो मुरतो, आणि मग तो कुणाला उसना द्यायचा म्हटलं तरी जिवावर येतं. वाद्याच्या तारांचंही असंच असतं, हे आम्हाला अलीकडेच कळलं. आमच्या गटातल्या एका ताईंचा मुलगा ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतो. त्यानं नव्या तारा बसवल्या आणि आठवडाभर घर डोक्यावर घेतलं. ताई रागावल्या की म्हणायचा, "आई, अजून मुरल्या नाहीत गं!"

बेस गिटार म्हणजे चार जाड तारांची, खर्जाचा सूर देणारी गिटार. अमेरिकेत लिओ फेंडर यांनी १९५१ साली विजेवरची बेस गिटार बाजारात आणली आणि ती सगळीकडे पसरली. तेव्हा तिला सपाट गुंडाळीच्या तारा असत. आत पोलादी तार आणि तिच्यावर गुंडाळलेली चपटी पट्टी, त्यामुळे हाताला गुळगुळीत. नवी तार खणखणीत वाजते आणि सारखी सुरातून उतरते. म्हणून सूर लावायचा, तार बोटानं हळूच ओढायची, पुन्हा सूर लावायचा. मग रोज वाजवायचं. बोटांचा घाम आणि मळ तारेत बसत जातो, खणखणाट कमी होतो आणि काही आठवड्यांनी आवाज मऊ, भरीव होतो. अशी मुरलेली तार पुढे कित्येक वर्षं चालते.

डेट्रॉइट शहरात जेम्स जेमर्सन नावाचे कृष्णवर्णीय वादक होते. मोटाउन कंपनीच्या कितीतरी गाजलेल्या गाण्यांना त्यांचाच खर्ज आहे. तार तुटल्याशिवाय ती बदलायची नाही, अशी त्यांची ख्याती होती. गाणी जगभर वाजत होती, पण वाजवणाऱ्यांची नावं रेकॉर्डच्या कव्हरवर नसायची. १९७१ साली मार्विन गे यांच्या रेकॉर्डवर वादकांची नावं छापली गेली, तेव्हा कुठे जेमर्सन यांचं नाव लोकांनी वाचलं. १९८३ साली, वयाच्या ४७ व्या वर्षी ते वारले. मोठा सन्मान मिळाला तो २००० साली.

दुसरी गोष्ट एका बाईची. कॅरोल के यांचा जन्म १९३५ सालचा. घरची गरिबी, म्हणून कोवळ्या वयातच त्या गिटार शिकवून घराला हातभार लावू लागल्या. पुढे लॉस एंजेलिसमध्ये त्या स्टुडिओत गिटार वाजवत. १९६३ साली एका रेकॉर्डिंगला बेसवाला आलाच नाही, तेव्हा त्यांनी बेस हातात घेतली. त्यांच्याही गिटारला सपाट गुंडाळीच्याच तारा होत्या. पुरुषांनी भरलेल्या त्या स्टुडिओत त्यांनी मुलं सांभाळून हजारो रेकॉर्डिंगं केली. १९६९ साली त्यांनी बेस शिकवणारं पुस्तकही लिहिलं. तरी ऐकणाऱ्यांना बरीच वर्षं ठाऊक नव्हतं की हा खर्ज एका बाईच्या हातचा आहे.

मैत्रिणींनो, खर्ज वेगळा ऐकू येत नाही, पण तो काढून घेतला तर गाणं पोकळ वाटतं. हे वाचताना आम्हाला आमचीच चूक आठवली. मागच्या उन्हाळ्यात आमच्या गटानं पापडाची मोठी ऑर्डर पुरी केली. पाकिटावर गटाचं नाव आलं, प्रदर्शनात अध्यक्षांचा सत्कार झाला. पण रात्री जागून पापड लाटणाऱ्या बायकांची नावं आमच्या वहीतसुद्धा नव्हती. हिशेबाला बसलो तेव्हा कुणी किती लाटले, हे आठवून आठवून लिहावं लागलं, आणि एका आजींचे दोन दिवस राहूनच गेले.

आता आम्ही रोज संध्याकाळी नाव, काम आणि तास लिहूनच वही मिटतो. तुमच्याही गटाची वही एकदा उघडून बघा. मुरलेल्या हातांची नावं तिच्यात आहेत ना? नसतील तर आजच लिहा.