चौदाव्या तुकड्याची कथा

लॉस एंजेलिसहून पूर्वेला सुमारे १७० किलोमीटरवर, वाळवंटात, पाम स्प्रिंग्ज नावाचे विश्रामनगर आहे. सकाळी पर्यटन-बसने निघावे, दिवसभर मार्गदर्शकाचे ऐकावे आणि रात्री मुक्कामी परतावे, अशी ही सहल. आम्हीही ती केली. सॅन गोर्गोनिओ खिंडीत पवनचक्क्यांचे रानच लागते. उजव्या हाताला सॅन हसिंटोचे ३,३०२ मीटर उंचीचे शिखर, आणि त्याच्या पायथ्याशी, पर्जन्यछायेत, हे गाव.

मार्गदर्शक मोठा बोलका होता. १९६३ मध्ये सुरू झालेला रोपवे, फ्रँक सिनात्राने १९४७ साली बांधवून घेतलेले घर, नटनट्यांचे बंगले, सारे त्याला तोंडपाठ. आम्ही मात्र सात-बारा पाहिल्याशिवाय घराचे कौतुक न करणाऱ्यांपैकी! म्हणून सहज विचारले, ही जमीन मूळची कोणाची? ‘‘इंडियन लोकांची,’’ एवढे सांगून तो पुढच्या बंगल्याकडे वळला. उरलेले उत्तर आम्हाला पुढे वाचनातून मिळवावे लागले.

येथील गरम पाण्याच्या झऱ्याच्या परिसरात कवीया लोक हजारो वर्षे राहत आले. स्पॅनिश भाषिकांनी झऱ्याला ‘आग्वा कालिएन्ते’ म्हणजे गरम पाणी म्हटले. तेच नाव जमातीलाही चिकटले. १८७६ साली राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी या जमातीसाठी राखीव भूमी नेमून दिली. परंतु सदर्न पॅसिफिक रेल्वेला मार्गाच्या दुतर्फा एकेक चौरस मैलाचे विषम क्रमांकाचे तुकडे मिळाले होते. इंडियनांच्या वाट्याला सम क्रमांक आले. नकाशा अगदी बुद्धिबळाच्या पटासारखा दिसतो. झरा होता चौदाव्या तुकड्यात, आजच्या भर बाजारपेठेला लागून.

क्षयरोग्यांना कोरडी हवा मानवते म्हणून प्रथम आजारी माणसे आली. १९०९ मध्ये नेली कॉफमन यांनी ‘डेझर्ट इन’ काढले. मागोमाग हॉलिवूड आले. श्रीमंतांच्या घरी स्वयंपाक करणारे, बागा राखणारे, विटा रचणारे हात हवेच होते. पण कृष्णवर्णीय व मेक्सिकन कष्टकऱ्यांना गावात इतरत्र घर मिळणे दुरापास्त. ते चौदाव्या तुकड्यात जागेचे भाडे भरून स्वतःच्या हातांनी घरे बांधून राहिले. इंडियन मालकांना कायद्याने पाच वर्षांहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा करता येत नसे. त्यामुळे तेथे हॉटेल बांधण्यास कोणी धजत नव्हते. एकावर लादलेल्या अन्यायाच्या आडोशाने दुसऱ्या उपेक्षिताला निवारा मिळाला होता.

पन्नासच्या दशकात व्हायोला ऑर्टनर यांच्या नेतृत्वाखाली, केवळ स्त्रियांच्या जमात-परिषदेने दीर्घ पट्ट्यासाठी वॉशिंग्टनपर्यंत धडक मारली. १९५९ साली ९९ वर्षांच्या पट्ट्याला मान्यता मिळाली. मागणी न्याय्यच होती. परंतु न्यायालयांनी अनेक मालकांवर ‘पालक’ नेमले आणि त्यांपैकी काहींनी शुल्काच्या नावाखाली त्या मालमत्तेतून आपले खिसे भरले. जमिनीला सोन्याचा भाव आला. आधीच सुरू झालेल्या पाडापाडीला आता वेग आला. पालकांच्या संमतीने नगरपालिका घरे पाडू लागली, पाडलेले जाळू लागली. ज्या अग्निशामक दलाने आग विझवायची, तेच आग लावणार! कित्येकांना आगाऊ सूचनाही मिळाली नाही. कामावरून परतावे तो घराच्या जागी राख.

१९६८ साली कॅलिफोर्नियाच्या ॲटर्नी जनरलच्या खात्याने नगरपालिकेवर अतिशय कठोर शब्दांत ठपका ठेवला. त्याच वर्षी, पालकांच्या कारभाराचा छडा लावणाऱ्या रिव्हरसाइडच्या दैनिकाला पुलित्झर पारितोषिक मिळाले. रहिवाशांच्या पदरात मात्र काही पडले नाही. नगरपालिकेने माफी मागितली ती २०२१ मध्ये, आणि ५९ लाख डॉलरची भरपाई मंजूर केली नोव्हेंबर २०२४ मध्ये. ती राख पाहिलेली मुले तोवर आजी-आजोबा झाली होती.

झऱ्यावर आता जमातीचेच नवे स्नानगृह व संग्रहालय आहे. दोन्ही २०२३ साली उघडली. आमची बस त्यांच्या जवळून, इंडियन कॅनियन मार्गाने गेली. हा मार्ग म्हणजे चौदाव्या तुकड्याची पश्चिम सीमा. डावी-उजवीकडची दुकाने दाखवीत मार्गदर्शकाने आम्हाला सांगितले, की खरेदीसाठी चाळीस मिनिटे आहेत.