वक्र पडद्याची वंशावळ

संगणकाच्या रुंद, वक्र पडद्यास जुन्या दूरचित्रवाणीसंचाच्या फुगीर काचेचा वारस मानण्याचा मोह होतो. तो टाळलेला बरा. फर्डिनांड ब्राउन यांनी १८९७ साली सिद्ध केलेली कॅथोड-किरण नलिका आतून निर्वात असे, आणि बाहेरील हवेचा दाब पेलण्यासाठी पुढे संचांतील तिची काच प्रेक्षकाकडे फुगवावी लागली. ती वक्रता नाइलाजाची होती. आजची वक्रता उलट, अंतर्गोल आहे. तिचा पूर्वज चित्रपटगृहातच शोधावा लागतो. फ्रेड वॉलर यांचा 'सिनेरामा' ३० सप्टेंबर १९५२ रोजी न्यूयॉर्क येथे प्रथम दाखविला गेला, तेव्हा तीन प्रक्षेपकांची चित्रे १४६ अंशांच्या कमानदार पडद्यावर एकत्र जोडलेली होती. सॅमसंगच्या २०२० मधील ४९ इंची 'ओडिसी जी९' या पडद्याच्या वक्रतेची त्रिज्या १,००० मिलिमीटर आहे. तितक्याच अंतरावर बसणाऱ्याच्या डोळ्यांपासून पडद्याचा मध्य व डावी-उजवी कड समान अंतरावर राहतात.

'रिफ्रेश' या शब्दाचा प्रवास याहून उद्बोधक आहे. नलिकेच्या काचेवरील दीप्तिमान लेपाचा उजेड क्षणात मावळे. म्हणून दूरचित्रवाणीवर किरणाला सेकंदाला ५० किंवा ६० वेळा पडदा पुन्हा उजळावा लागे. द्रवस्फटिकाचा बिंदू मात्र पुढील चित्र येईपर्यंत आपली छटा धरून ठेवतो. जे विझतच नाही ते ताजे काय करावयाचे? उपर्युक्त पडद्यावर सेकंदाला २४० वेळा चित्र बदलते ते लुकलुक थांबविण्यासाठी नव्हे. प्रत्येक चित्र डोळ्यांपुढे थिजून राहिल्याने हलत्या वस्तूस जो पुसटपणा येतो, तो कमी करण्यासाठी. मराठी परिभाषेत 'पुनरुज्ज्वलन' हा शब्द नलिकेला शोभेल. येथे 'चित्रपालटाचा वेग' म्हणणे अधिक यथार्थ होईल.