रांगेतली मोटार

पूर्व जर्मनीच्या त्राबांट मोटारीची आठवण आज बहुधा विनोदापुरती उरली आहे. निळसर धूर, फटफट आवाज आणि 'पुठ्ठ्याची गाडी' हे टोपणनाव! पण ती जिथे बनत होती ते त्स्विकाऊ हे यंत्रविद्येत मागासलेले गाव नव्हते. आउगुस्ट हॉर्ख यांनी आउडीची स्थापना तिथेच केली होती. मग अशा शहरातून अशी गाडी का निघाली?

सुरुवातीला उणीव बुद्धीची नव्हती, पत्र्याची होती. शीतयुद्धात पोलादाचा पातळ पत्रा दुर्मीळ झाला. तंत्रज्ञांनी सोव्हिएत संघातून येणारा टाकाऊ कापूस राळेत मिसळून, दाबून ड्युरोप्लास्टचे भाग घडवले. त्यांना गंज चढत नसे. १९५७ मध्ये उत्पादन सुरू झाले तेव्हा पुढची चाके फिरवणारी ही छोटी गाडी काळाच्या मागे नव्हती.

ती मागे पडली ती नंतर. १९६४ मध्ये आलेले '६०१' हे मॉडेल किरकोळ फेरफारांनिशी १९९० पर्यंत निघत राहिले. सुमारे ६०० सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन तेच. टाकीतले पेट्रोल बहुतेक वर्षे पट्टी बुडवूनच मोजायचे. अभियंत्यांनी नवे नमुने बनवले, पण त्यांना मंजुरी मिळाली नाही. नव्या मॉडेलसाठी नवी यंत्रसामग्री हवी आणि तिचा पैसा नियोजनात दुसरीकडे वळवलेला. शिवाय गिऱ्हाईक जाणार कुठे?

किंमत सरकारने बांधून दिलेली होती. म्हणून खरी किंमत वर्षांत मोजली जाई. गाडीसाठी दहा वर्षांहून अधिक थांबावे लागे. मूल अठरा वर्षांचे झाले की त्याचे नाव यादीत घालण्याची रीतच पडली. लगेच मिळणारी जुनी गाडी नव्या गाडीहून महाग विकली जाई. ज्यांचे नातलग पश्चिमेत होते, त्यांना मात्र परकीय चलनाच्या जोरावर रांग चुकवता येई. समतेच्या राज्यात अशी एक नवी विषमता उभी राहिली.

१९९० मध्ये फोक्सवॅगनच्या परवान्यावरचे फोर-स्ट्रोक इंजिन या गाडीत आले. पण त्याच वर्षी जुलैत पश्चिम जर्मन मार्क पूर्वेत चलनात आला, पश्चिमेतल्या जुन्या मोटारी सहज मिळू लागल्या आणि रांग विरून गेली. ३० एप्रिल १९९१ रोजी शेवटची त्राबांट बाहेर पडली. तोवर तीस लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या होत्या. गाडीला आधार गुणांचा नव्हता, रांगेचा होता. तो गेल्यावर तिला वर्षभरही तग धरता आला नाही.