बोटांची ऊब

कोल्हापूरच्या गुजरीत आमचे आबा साज घडवायचे. सकाळी बैठकीवर बसले की मान खाली, ती दिवेलागणीपर्यंत. चिमट्यात नखाएवढी पानडी, ओठांत फुंकणी, डाक वितळेपर्यंत एकसारखी फुंक. रात्री म्हणायचे, "डोस्कं ठणकाय लागलंय." आई सहाणेवर सुंठ उगाळून कपाळभर लेप द्यायची, वरून फडकं आवळायची.

बैठकीबरोबर ते ठणकणंही माझ्याकडं आलं. डॉक्टरांनी डोळे, रक्तदाब सगळं तपासलं, ताणाची डोकेदुखी म्हणाले आणि शवासन शिकायला धाडलं. मला रागच आला. पडून राहायला शिकायचं काय?

पण शवासनाला प्रयोगाच्या टेबलावर नेणारी माणसं आपल्याच मुलखातली. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम काढलं आणि योगक्रिया क्ष-किरणांखाली तपासल्या. पुढं मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. के. के. दाते यांनी रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकवलं. रोज अर्धा तास पाठीवर पडायचं, श्वास संथ करायचा, आत येणारा गारवा आणि बाहेर जाणारी ऊब नाकपुडीशी टिपायची. १९६९ साली त्यांचा निबंध छापून आला. बऱ्याच जणांचा रक्तदाब उतरला, त्याबरोबर डोकेदुखीही कमी झाली. माझ्या लेखी मोलाचं हेच.

त्याच सुमारास अमेरिकेत बडझिन्स्की आणि स्टॉयवा हे संशोधक कपाळाच्या स्नायूचा ताण यंत्रातून ऐकवत होते. स्नायू आवळला की सूर चढायचा, सैलावला की उतरायचा. तिथल्याच मेनिंजर संस्थेत अर्धशिशीचे रुग्ण हात गरम करायला शिकत होते. अंगातले असे बदल यंत्रावर बघत-ऐकत त्यांना वळण लावायचं, यालाच बायोफीडबॅक म्हणतात. जीव धास्तावला की बोटांतल्या रक्तवाहिन्या आकसतात, बोटं गार पडतात; निवांत झाला की रक्त परत येतं.

आमच्या योगशिक्षिकेनं माझ्या बोटाला छोटा तापमापक चिकटवला. मी जिद्दीनं ऊब आणायला गेलो, तर आकडा खाली! "दादा, ओढून आणू नका. नुसता श्वास सोडा," त्या म्हणाल्या. तिसऱ्या आठवड्यात आकडा हळूहळू वर सरकला आणि भुवयांमधली गाठ सुटलेली मला पहिल्यांदा कळली. साजाचा घाट साधायला वर्षं गेली होती. सैल पडणंही तसंच हाताखाली बसवावं लागतं. ठणका अजून येतो, पण महिन्यातून एखादा.

त्या दिवाळीत आबांना चटईवर निजवलं. त्यांची बोटं माझ्या मुठीत धरली, चिमट्यासारखी गार. "आबा, श्वास सोडा." बऱ्याच वेळानं अंगठ्याला ऊब लागली. आबा घोरत होते.