मेलेल्या जंतूंचं विष

पाणी उकळलं की जंतू मरतात, हे आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं की ते उकळायचं, गार करायचं आणि फडक्यातून गाळून माठात भरायचं. पिण्यापुरतं एवढं पुरतं. पण त्याच पाण्यात मीठ घालून सलाईन बनवलं आणि शिरेतून रक्तात सोडलं तर? त्यात जिवंत जंतू एकही नसेल, तरी तासा-दोन तासांत रोग्याला हुडहुडी भरू शकते आणि सणकून ताप चढू शकतो. मात्रा मोठी असली तर रक्तदाब कोसळून जीवही जाऊ शकतो. जंतू मेले तरी त्यांच्या अंगातलं विष मागे उरतं. या विषाची आणि त्याच्या मागे सारं आयुष्य घालवणाऱ्या ऑटो वेस्टफाल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाची गोष्ट आज मला सांगायची आहे.

मी स्वतः रसायनशास्त्राचा विद्यार्थी. नोकरीची बरीच वर्षं इंजेक्शनची औषधं बनवणाऱ्या कारखान्याच्या तपासणी विभागात गेली. सलाईनच्या नळीचं वेष्टन कधी हातात आलं, तर नीट वाचून पाहा. त्यावर ‘स्टराइल’ म्हणजे निर्जंतुक असं छापलेलं असतं, आणि शेजारी ‘नॉन-पायरोजेनिक’ असंही. पायरोजेन म्हणजे ताप आणणारा पदार्थ. विभागात नव्यानं आलेली मुलं हमखास विचारायची, की एकदा निर्जंतुक केल्यावर ही दुसरी तपासणी कशाला? या प्रश्नाचं उत्तर शोधायला विज्ञानाला जवळजवळ शंभर वर्षं लागली.

सुरुवात झाली १८९२ साली. त्या वर्षी जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरात कॉलऱ्यानं आठ हजारांहून अधिक माणसं दगावली. बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांच्या संस्थेत रिचर्ड फायफर हे त्यांचे सहकारी कॉलऱ्याच्या जंतूंवर काम करत होते. फायफरनी जंतू तापवून मारले आणि गिनिपिगना टोचले. मेलेले जंतू टोचूनही ते प्राणी मेले. घटसर्पाचा जंतू आपलं विष बाहेर टाकतो, हे तेव्हा माहीत झालेलं होतं. पण हे विष जंतूच्या अंगातच होतं आणि उष्णतेला दाद देत नव्हतं. त्याला पुढे एंडोटॉक्सिन, म्हणजे अंतर्विष, असं नाव मिळालं. यात एक गंमत अशी, की खुद्द कॉलऱ्याच्या जुलाबांना हे अंतर्विष कारणीभूत नसतंच. त्यासाठी तो जंतू आतड्यात वेगळं विष सोडतो, आणि ते १९५९ साली दाखवून दिलं आपल्या कोलकात्याच्या डॉ. शंभूनाथ डे यांनी. तरीही फायफरना सापडलेली वस्तू खरी होती. टायफॉइडच्या, आमांशाच्या आणि आपल्या आतड्यात नेहमी राहणाऱ्या अनेक जिवाणूंच्या अंगावर ती असते.

ती रोग्यापर्यंत कशी पोचते, याचा छडा अमेरिकेत फ्लॉरेन्स सायबर्ट यांनी लावला. तिसऱ्या वर्षी पोलिओ झाल्यामुळे त्या पायानं अधू होत्या. येल विद्यापीठात संशोधन करत असताना त्यांच्या लक्षात आलं, की शिरेतून काहीही टोचलं तरी सशांना अधूनमधून ताप येतो. दोष औषधात नव्हता, ऊर्ध्वपातित पाण्यात होता. पाणी उकळताना बारीक तुषार उडायचे, वाफेबरोबर दुसऱ्या भांड्यात जायचे आणि जिवाणूंचे अवशेषही सोबत न्यायचे. सायबर्टबाईंनी वाफेच्या वाटेत तुषार अडवणारी योजना केली आणि ताप थांबला. हे काम १९२३ साली प्रसिद्ध झालं. क्षयासाठी आजही हातावर टोचून जी चाचणी करतात, तिच्यासाठी लागणारं शुद्ध ट्युबरक्युलिनही पुढे त्यांनीच तयार केलं.

वाट कळली, पण वस्तू काय आहे ते कळेना. जिवाणूच्या आवरणात प्रथिनं, शर्करा, मेद असं सगळं एकात एक गुंतलेलं असतं. यातलं विष नेमकं कोणतं? ऑटो वेस्टफाल यांनी उचलला तो हा प्रश्न.

वेस्टफाल यांचा जन्म १९१३ सालचा, बर्लिनचा. दुसऱ्या महायुद्धानंतर उद्ध्वस्त जर्मनीत त्यांना काम करायला जागा मिळाली ती वान्डर या स्विस कंपनीच्या संशोधन संस्थेत. ओव्हल्टिन बनवणारी कंपनी हीच. तिथे ओटो ल्यूडेरिट्झ हे त्यांना आयुष्यभराचे सहकारी भेटले. १९५२ साली या मंडळींनी एक साधी युक्ती प्रसिद्ध केली. कार्बोलिक साबणाच्या वासामुळे ज्याची आपल्याला ओळख असते, ते फिनॉल त्यांनी पाण्यात घेतलं, त्यात जिवाणू टाकले आणि मिश्रण साधारण ६८ अंश सेल्सियसपर्यंत तापवलं. एवढ्या उष्णतेला पाणी आणि फिनॉल एकजीव होतात. गार केलं की दोन थर वेगळे होतात. प्रथिनं फिनॉलबरोबर जातात आणि विष पाण्याच्या थरात राहतं. जगभरच्या प्रयोगशाळांत ही रीत अजून वापरली जाते.

आता विष प्रथिनांपासून सुटं झालं होतं. उरले होते शर्करा आणि मेद. जिवाणूच्या अंगावर शर्करांच्या लांब साखळ्या केसांसारख्या उभ्या असतात, आणि केसाच्या मुळाशी मेदाचा एक तुकडा आवरणात रुतलेला असतो. सौम्य आम्लानं वेस्टफाल आणि ल्यूडेरिट्झ यांनी हे मूळ वेगळं केलं, त्याला ‘लिपिड ए’ असं नाव दिलं आणि १९५४ साली म्हटलं, की विष आहे ते इथे.

पुष्कळांना ते पटलं नाही. आक्षेप रास्तही होता. सुटा केलेला लिपिड ए पाण्यात विरघळत नव्हता आणि प्राण्यांना टोचला तर परिणाम दुबळा दिसायचा. मग विष त्यातच आहे कशावरून? पुढची तीस वर्षं या एका प्रश्नावर गेली. आधी त्यांनी साल्मोनेला जिवाणूचे असे वाण अभ्यासले, ज्यांच्या अंगावर शर्करेची लांब साखळी तयारच होत नाही. केस नव्हते, मूळ तेवढं होतं, तरी विष तितकंच जहाल निघालं. मग १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ख्रिस गालानोस यांनी लिपिड ए पाण्यात विरघळवण्याची तोड काढली आणि दुबळा वाटणारा पदार्थ पूर्ण ताकदीनिशी काम करू लागला. तरीही शंका संपेना. जिवाणूतून काढलेला पदार्थ कितीही धुतला, तरी त्यात दुसरं काही चिकटून राहिलं नसेल कशावरून? कारण अंतर्विष लागतं किती, तर निरोगी स्वयंसेवकांवरच्या प्रयोगात दर किलो वजनामागे ४ नॅनोग्रॅम टोचलं तरी चांगला ताप येतो. एका ग्रॅमचे दहा लाख भाग करा. त्यातल्या एका भागाची चौथाई साठ किलोच्या माणसाला पुरते.

अशा वेळी रसायनशास्त्रज्ञापाशी एकच खात्रीचा उपाय असतो, तो म्हणजे जिवाणूला हातही न लावता तोच रेणू कुपीत घडवून दाखवणं. जपानमधल्या ओसाका विद्यापीठात तेत्सुओ शिबा आणि शोइची कुसुमोतो यांनी हे काम अंगावर घेतलं. तोवर मानल्या गेलेल्या रचनेप्रमाणे रेणू बनवला, तर तो जवळजवळ निष्क्रिय निघाला. वेस्टफाल यांचं म्हणणं कोसळणार, असं वाटावं असा तो क्षण होता. पण १९८३च्या सुमारास कळलं, की मानलेली रचनाच चुकीची होती, काही मेदाम्लं भलत्याच जागी दाखवली गेली होती. दुरुस्त रचनेचा रेणू ओसाकात तयार झाला. त्यात दोन शर्करा, दोन फॉस्फेट आणि सहा मेदाम्लं होती. सुटं पाहिलं तर यातलं काहीच जहाल म्हणता येणार नाही. १९८५ साली फ्रायबुर्ग आणि ओसाका यांनी मिळून निष्कर्ष प्रसिद्ध केला, की कुपीतला रेणू आणि जिवाणूतला रेणू यांचे परिणाम तंतोतंत सारखे आहेत. एकतीस वर्षांनी वाद मिटला. तोवर वान्डरच्या संस्थेतून फ्रायबुर्गची माक्स प्लांक इम्युनोबायॉलॉजी संस्था उभी राहिली होती आणि वेस्टफाल तिच्या संचालकपदावरून निवृत्तही झाले होते.

मात्र याहून मोठं आश्चर्य पुढेच होतं. उंदरांची एक जात अशी आहे, की जिला एरवी मारून टाकील एवढं अंतर्विष टोचलं तरी काही होत नाही. अमेरिकेत ब्रूस बॉयट्लर यांनी त्याचं कारण १९९८ साली शोधलं. या उंदरांच्या पेशींवरचा टीएलआर-४ नावाचा ग्राहक सदोष असतो. त्या शोधनिबंधावर फ्रायबुर्गच्या गालानोस आणि मरीना फ्रॉइडेनबर्ग यांचीही नावं आहेत. २०११ साली बॉयट्लर नोबेलचे मानकरी झाले. अर्थ असा, की लिपिड ए स्वतः होऊन पेशी जाळत नाही, फोडत नाही. आपलं शरीर त्याला शत्रूची खूण म्हणून ओळखतं आणि ताप, सूज अशी सगळी फौज बाहेर काढतं. जंतू थोडे असले तर हीच फौज आपल्याला वाचवते. विष रक्तात फार झालं की ती स्वतःचंच घर उद्ध्वस्त करते. वेस्टफाल यांचं निधन २००४ साली झालं, म्हणजे एवढा उलगडा त्यांच्या हयातीत झाला होता.

या संशोधनाचा फायदा आपल्याला रोज मिळतो. जंतू मारणारं १२१ अंशांचं वाफेचं यंत्र या विषाला पुरं पडत नाही. काचेची भांडी २५० अंशांच्या कोरड्या उष्णतेत अर्धा तास ठेवावी लागतात. पूर्वी तपासणीसाठी आम्ही सशांच्या कानाच्या शिरेत औषध टोचायचो आणि तीन तास त्यांचं तापमान मोजत बसायचो. पुढे हॉर्सशू क्रॅब या समुद्री प्राण्याच्या निळ्या रक्तावरची चाचणी आली. अंतर्विषाचा अंशही लागला तरी ते रक्त गोठतं, असं फ्रेडरिक बँग आणि जॅक लेव्हिन यांनी दाखवलं होतं. या प्राण्याच्या दोन जाती ओडिशा-बंगालच्या किनाऱ्यावर आहेत आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं त्यांचा अभ्यास केला आहे. आता प्राण्याचं रक्त न काढता जैवतंत्रानं बनवलेल्या प्रथिनावरही ही तपासणी होते. अमेरिकेच्या औषधकोशात तिला २०२५पासून स्थान मिळालं आहे.

सलाईनच्या बाटलीतलं विष आपण असं रोखलं. जंतुसंसर्गानं अत्यवस्थ झालेल्या रोग्याच्या रक्तातलं विष मात्र अजून आवरत नाही. अंतर्विषाला पकडणारं एक औषध युरोपात आलं आणि १९९३ साली मागे घ्यावं लागलं, कारण काही रोग्यांत त्यानं अपायच होण्याची भीती दिसली. लिपिड एची वाट अडवणारं एरिटोरान २०११ साली मोठ्या चाचणीत निरुपयोगी ठरलं. शत्रूच्या अणूअणूचा नकाशा आपल्या हाती आहे. आपली स्वतःची फौज कधी आणि किती आवरायची, हे अजून शिकायचं आहे. एका रेणूसाठी एकतीस वर्षं चिकाटीनं थांबणारी माणसं या शास्त्रात होऊन गेली, म्हणून मी या बाबतीत निराश नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)