नाक्यावरची रोकड

टेका नाका, पारडी नाका, दिघोरी नाका, वाडी नाका. नागपुरातल्या आजच्या पोरांना हे फक्त थांबे वाटतात. मी मस्कासाथेत ठोक किराण्याच्या दुकानात हिशेब लिहायचो. माझ्यासाठी जकातीचा नाका म्हणजे शहराचा गल्ला. शहराचे रस्ते, दिवे, गटारं ज्या पैशावर चालली, त्यातला मोठा हिस्सा अशाच नाक्यांवर जमा झाला, आणि ही गोष्ट आता कुणी फारशी सांगत नाही म्हणून लिहितो आहे.

नागपूरची नगरपालिका १८६४ सालची. १८६७ मध्ये मुंबईकडची रेल्वे इथवर पोचली आणि मालाची आवक वाढली. त्या काळी मध्य प्रांतातल्या नगरपालिकांची मोठी भिस्त जकातीवर असे. धान्य, साखर, तूप, तेल, कापड हद्दीत खपायला आलं की कर द्यायचा. तोच माल पुढे बाहेरगावी गेला तर परतावा मागायचा. १८७० च्या दशकात अंबाझरीचं पाणी नळानं शहरात आलं, १८७७ मध्ये जुम्मा तलावाजवळ टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. मिलच्या शहराला झाडलोट, दिवाबत्ती, पाणी रोज लागतं, आणि जकातीची रोकडही रोजच्या रोज येई. १९५१ मध्ये नगरपालिकेची महापालिका झाली, तरी नाके होते तिथेच राहिले.

नाक्यावरचं काम असं चाले. ट्रक थांबला की ड्रायव्हर बिल्टी आणि बिजक घेऊन खिडकीशी जाई. कारकून मालाची जात बघे, दराच्या तक्त्यावरून बिजकाच्या किमतीवर आकारणी करी आणि कार्बन घातलेल्या पुस्तकात पावती फाडे. शंका आली तर ताडपत्रीचे दोर सोडायला लावत. सुपारी, वेलदोडा अशा महाग मालाचं एखादं पोतं उसवून बघत. नुसता शहर ओलांडून जाणाऱ्या गाडीचा वेगळा पास निघे. ती पावती माझ्या टेबलावर आल्याशिवाय मी माल वहीत चढवत नसे. एकदा दिवाळीच्या तोंडावर आमचा खोबऱ्याचा ट्रक अख्खी रात्र रांगेत अडकला आणि सकाळचं गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात गेलं. त्या दिवशी शेठजींचा राग मी ऐकला आहे. नाके हटवा ही व्यापाऱ्यांची मागणी खोटी नव्हती.

पण त्या पैशाचा एक गुण होता: तो शहराचा स्वतःचा होता. २००५ मध्ये शहरांच्या कामांसाठी केंद्राची जेएनएनयूआरएम योजना आली. नागपूरसारख्या दहा ते चाळीस लाख वस्तीच्या शहरांना त्यात केंद्राचे ५० टक्के, राज्याचे २० टक्के मिळणार होते आणि उरलेले ३० टक्के महापालिकेनं उभे करायचे होते. पेंचचं पाणी शहरात आणण्याच्या कामाचा चौथा टप्पा याच योजनेतला. हा तीस टक्क्यांचा वाटा खिशात दमडी नसलेल्या शहराला पेलत नाही. दिल्लीचं अनुदान ओढून आणायलासुद्धा घरात आधी पैसा असावा लागतो.

१ एप्रिल २०१३ ला नागपुरात जकात गेली आणि स्थानिक संस्था कर, म्हणजे एलबीटी, आला. नाका नाही, रांग नाही; व्यापाऱ्यानंच आपला हिशेब देऊन कर भरायचा. बाजारानं त्यालाही कडाडून विरोध केला, राज्यभर बंद झाले. १ ऑगस्ट २०१५ पासून पन्नास कोटींच्या आतल्या उलाढालीला तो माफ झाला, म्हणजे आमचा बहुतेक बाजार सुटला. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला आणि उरलंसुरलंही संपलं. बदल्यात राज्य भरपाई देतं: २०१६-१७ सालच्या उत्पन्नाचा पाया धरून दरवर्षी आठ टक्के वाढ. हा पाया धरला तेव्हा नागपूरची जकात जाऊन चार वर्षं होत आली होती आणि एलबीटीही बव्हंशी माफ झाला होता. म्हणजे शहरातल्या मालाच्या उलाढालीशी या पायाचं नातंच उरलं नव्हतं. माझा आक्षेप नेमका इथे आहे.

नाके परत यावेत असं मी म्हणत नाही. डिझेल जाळत उभ्या राहिलेल्या त्या रांगा मला नकोत. पण मालाची उलाढाल वाढली की शहराचा गल्लाही त्याच दिवशी वाढे, ते नातं तुटलं. आज मिहानच्या औद्योगिक पट्ट्यात नवा कारखाना आला, कळमन्याच्या बाजारात आवक दुप्पट झाली, तरी त्या मालाच्या करातून महापालिकेच्या हाती थेट काही पडत नाही. हातात उरली घरपट्टी आणि पाणीपट्टी, आणि दोन्हींचे दर वाढवायला निवडून आलेला कुणीही कचरतो. जीएसटीतला ठरावीक वाटा कायद्यानं थेट शहराच्या नावावर पडला पाहिजे, आणि शहरातली उलाढाल वाढेल तसा तो वाढला पाहिजे.